अर्धी गोळी

गेल्या श्रावणात जिंतूर तालुक्यातील एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय ७२, रक्तदाब १८०/११०. गोळी रोज घेता ना, असे विचारल्यावर त्यांनी मान डोलावली. काकू मात्र हळूच म्हणाल्या, "अर्धीच घेतात, डॉक्टरसाहेब. एक महिन्याचं औषध दोन महिने पुरवतात."

गोळी महाग नव्हती. अडचण निराळी होती. चार वर्षांपूर्वी काकांनी सारी जमीन दोन्ही मुलांच्या नावे करून दिली. तेव्हापासून औषधासाठी पैसे मागणे म्हणजे मुलापुढे हात पसरणे, असे त्यांना वाटू लागले. मुलगा वाईट नव्हे. तोच त्यांना मोटारसायकलवरून घेऊन आला होता. त्याला या अर्ध्या गोळीचा पत्ताच नव्हता. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणून अर्ध्या गोळीवर भागते असे वाटते. पक्षाघात झाल्यावर कळते की भागले नव्हते.

आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पैसा जोडलेल्या माणसाला तो स्वतःसाठी खर्च करणे अपराधासारखे वाटते. "आम्ही पिकली पानं," असे म्हणत माणसे सातबारा, ठेवी, दागिने सारे वाटून मोकळी होतात. याला मी वैराग्य म्हणत नाही. ज्याच्या नावे काहीच उरत नाही, तो आजारही लपवू लागतो.

जमीन मुलांनाच द्यायची असेल तर मृत्युपत्राचा मार्ग आहे. ते मृत्यूनंतरच लागू होते, हयातीत केव्हाही बदलता येते आणि त्यावर दोन साक्षीदार लागतात. त्याच्या नोंदणीची सक्ती नाही, तरी केलेली बरी. (त्यासाठी मानसिक स्वास्थ्याचा दाखला मागायला येणाऱ्यांना मी आनंदाने चहा पाजतो.) बक्षीसपत्रच करायचे असल्यास सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ही अट पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो.

ठेवींविषयी तर मला तळमळीने लिहावेसे वाटते. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत जादा व्याज देणाऱ्या काही मल्टिस्टेट पतसंस्था बंद पडल्या, आणि निवृत्तीची पुंजी अडकलेल्या कित्येकांची झोप मी उडालेली पाहिली. झोपेची गोळी त्यावर इलाज नव्हे. बँकेतील ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. दोन्हींच्या पाट्या सारख्याच दिसतात, म्हणून पैसे ठेवण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. साठी उलटलेल्यांसाठी टपाल कार्यालयात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिची मर्यादा ३० लाख असून व्याज दर तिमाहीला हाती येते. औषधपाण्याला असा ठरलेला पैसाच उपयोगी पडतो.

सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयीन उपचारांची सोय आहे. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. "सरकारी रांगेत कसं उभं राहायचं?" असा संकोच मी पुष्कळदा ऐकतो. ज्यांनी कापसाच्या गाड्या घेऊन रात्र रात्र रांगा लावल्या, त्यांनी हा संकोच का बाळगावा?

त्या दिवशी मी मुलाला आत बोलावले आणि काकांसमोरच सारे सांगितले. तो बराच वेळ खाली पाहत राहिला. पुढे दोघा भावांनी आईवडिलांचे संयुक्त खाते उघडून दिले. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत न मागता त्यात रक्कम जमा होते. दिवाळीनंतर काका आले तेव्हा रक्तदाब १३८/८६ होता. खर्चाची वही ते अजूनही मुलाला दाखवतात. मुलगा ती न उघडताच परत देतो, असे काकू सांगत होत्या.