ब्रेकच्या कामात घासाघीस नको

जुन्या गाडीचे गिऱ्हाईक गॅरेजात आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पॅड बदलायचे किती घेणार?" आपला मिस्त्रीही तेवढेच उत्तर देतो. पॅडची किंमत, थोडी मजुरी आणि अर्ध्या तासात गाडी तयार! आमच्या मते चूक इथेच होते. डिस्क ब्रेकचे काम म्हणजे नुसते पॅड बदलणे नव्हे, हे गिऱ्हाइकाने समजून घेतले पाहिजे आणि मिस्त्रीने समजावून सांगितले पाहिजे.

आमच्या परिचयाचे एक कापड व्यापारी बायकामुलांसह कोकणात उतरत होते. घाटात पुढच्या डाव्या चाकातून करकर आवाज येऊ लागला. पायथ्याशी चाक खोलले, तेव्हा बाहेरचा पॅड अर्धा शिल्लक होता, पण आतल्या पॅडची लोखंडी पट्टीच डिस्कवर घासत होती. दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजवाल्याने चाकाच्या फटीतून डोकावून "पॅड आहेत, बिनधास्त चालवा" असे सांगितले होते. कॅलिपरची सरकती पिन गंजून अडकली होती, त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर पडत होता. जीव वाचले, पण पॅडसोबत डिस्कही गेली.

आपल्या जुन्या उस्तादांचा हात पद्मिनी आणि जुन्या अँबेसेडरवर बसला. त्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम होते. शू झिजला की पेडल खाली जाई आणि माणूस आपोआप गॅरेजात येई. १९९३ ची झेन, १९९८ च्या सँट्रो व इंडिका अशा गाड्यांना पुढे डिस्क आली. डिस्क ब्रेक आपला आपण जुळवून घेतो. पॅड झिजला की पिस्टन तेवढा पुढे सरकतो, पेडल होते तसेच राहते. म्हणूनच तो शेवटपर्यंत तक्रार करत नाही. डब्यातील ब्रेक ऑइल मात्र हळूहळू उतरते. ते पाहून नुसते ऑइल ओतणारा मिस्त्री गाडीने दिलेला इशाराच पुसून टाकतो. ऑइल उतरले, तर आधी पॅड पाहावेत आणि कुठे गळती आहे का ते तपासावे.

खरे तर ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नव्हेच. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ दर्जाचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेले १४० अंशांवरही उकळू शकते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब घाटात सतत ब्रेक दाबला की उष्णता तिथवर जाते, ऑइलची वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस ब्रेकच्या रबराला लागू देऊ नये. रबर फुगते आणि पिस्टन अडकतो. पिनांना ब्रेकचेच खास ग्रीस लावावे.

मग पूर्ण काम कोणते? दोन्ही चाके खोलून आतला-बाहेरचा पॅड पाहावा. अस्तर ३ मिलिमीटरवर आले की पॅड बदलावेत, तेही दोन्ही बाजूंचे. डिस्कची जाडी मोजावी. किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्याहून पातळ डिस्क लेथवर चढवू नये, बदलावी. कॅलिपर रबरी पाईपला लोंबकळत ठेवू नये. तडकलेला पाईप बदलावा. पॅडची भुकटी हवेच्या झोताने उडवू नये, ती कारागिराच्या छातीत जाते. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही.

या कामाला वेळ लागतो आणि वेळेची मजुरी असते. गिऱ्हाईक शे-दोनशेसाठी अडून बसते, मग मिस्त्री पिना न खोलताच चाक बसवतो. दुकानदारही दर तोडण्यासाठी ओरिजिनलच्या नावाखाली बनावट पॅड काउंटरवर ठेवतो. यात तिघेही आपापल्या परीने दोषी आहेत.

नव्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस स्टेशनकडे जातात. जुन्या गाड्या हीच आपल्या गॅरेजवाल्यांची रोजी आहे. खासगी गाडीला १५ वर्षे झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणी होते, पुढे दर ५ वर्षांनी. तिथे ब्रेक पाहिला जातोच. आमचे सांगणे इतकेच, की मिस्त्रीने काढलेले पॅड गिऱ्हाइकाच्या हातात द्यावेत, डिस्कचे माप बिलावर लिहावे आणि पूर्ण मजुरी ताठ मानेने मागावी. दुकानदाराने पक्के बिल द्यावे. मालकाने बिल वाचून पैसे द्यावेत. घासाघीस करायला बाजारात दुसऱ्या वस्तू पुष्कळ आहेत. ज्या गाडीत आपली लेकरे बसतात, तिच्या ब्रेकवर ती करू नये.