जिमचं घर

युद्धाच्या गोष्टीत घर आलं की आपण फसतो, असं माझं मत आहे. शंभर-दीडशे माणसं एका घरात कोंडली गेली आहेत, बाहेर हजारोंचा वेढा... बास! तिथं कोण कुठून आलं, घर कुणाचं, भांडण कशाचं, हे विचारायचं राहूनच जातं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं रोर्क्स ड्रिफ्ट.

१८४९ साली जेम्स रोर्क नावाच्या माणसाने नाताळ आणि झुलूलँडच्या सीमेवर, बफेलो नदीच्या उताराजवळ शेतजमीन घेतली. 'ड्रिफ्ट' म्हणजे नदीचा उतार, जिथून पायी किंवा बैलगाडीने पलीकडे जाता येतं. तिथं त्याने घर बांधलं, शेजारी कोठार बांधलं आणि नदीपलीकडच्या झुलूंशी व्यापार सुरू केला. झुलू त्या जागेला 'क्वाजिमु' म्हणायला लागले, म्हणजे 'जिमचं ठिकाण'. १८७५ मध्ये रोर्क वारला. पुढे ती जागा स्वीडिश मिशनकडे गेली आणि कोठाराचं चर्च झालं. आधी व्यापारी, मग पाद्री. तिसरं कोण येणार हे आपल्याला तरी सांगायला नको!

पलटण आली ती १८७९ च्या जानेवारीत. घराचं इस्पितळ झालं आणि चर्चमध्ये मक्याची पोती न् बिस्किटांची खोकी रचली गेली. २२ जानेवारीला इसांडलवाना इथं झुलूंनी ब्रिटिश छावणी कापून काढली, तेराशेच्या वर माणसं गेली. त्याच दुपारी तीन-चार हजार झुलू नदी ओलांडून या घरावर आले. आत जेमतेम दीडशे जण, त्यात कित्येक आजारी.

पुढची गोष्ट कुठल्याही इंजिनियरला आवडेल अशी आहे. मुख्य अधिकारी चार्ड हा स्वतः इंजिनियर दलातला, नदीवरच्या तराफ्यांची दुरुस्ती करायला आलेला. डाल्टन नावाच्या पुरवठा खात्यातल्या माणसाने सुचवलं की उघड्यावर पळण्यात अर्थ नाही, इथंच तटबंदी करू. पोत्यांची भिंत उभी राहिली. आवाराच्या मधून चार्डने खोक्यांची दुसरी भिंत घातली, म्हणजे बाहेरचा भाग गेलाच तर मागे सरकायला जागा. ज्याला आपण फॉलबॅक म्हणतो तोच! घराच्या मात्र बऱ्याच खोल्यांना आतून दारंच नव्हती, त्या थेट बाहेर उघडायच्या. छपराने पेट घेतला तेव्हा सैनिकांनी मधल्या भिंती फोडून, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत असे आजारी लोक ओढत नेले. एका व्यापाऱ्याने आपल्या सोयीने बांधलेलं घर, त्याच्या खोल्यांच्या मांडणीवर कोण जगणार कोण मरणार हे ठरलं. पहाटेपर्यंत वेढा उठला. आतले सतरा जण गेले. बाहेर झुलूंची साडेतीनशे प्रेतं मोजली गेली. त्यातल्या बऱ्याच जखमींना लढाई संपल्यावर मारलं होतं, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

या एका रात्रीबद्दल अकरा व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. (तटबंदी सुचवणाऱ्या डाल्टनला त्याचा मिळाला तो चार्डच्या बराच मागाहून. हेही ओळखीचं वाटतं ना?) १९६४ साली 'झुलू' सिनेमा आला आणि घर अजरामर झालं. मीही तो सिनेमा दोनदा पाहिलाय, आणि दोन्ही वेळा पोत्यांच्या आतल्या बाजूनेच पाहिलाय. कॅमेराच तिथं ठेवलाय!

आता या घराची दुसरी गोष्ट. याच रोर्क्स ड्रिफ्टला १८७८ च्या मार्चमध्ये एक सीमा आयोग बसला होता. झुलू आणि ट्रान्सवाल यांच्यातल्या जमिनीच्या वादाचा निकाल त्याने बहुतांशी झुलूंच्या बाजूने दिला. पण ब्रिटिश हाय कमिशनरने तो निकाल महिनोन्‌महिने दाबून ठेवला आणि ११ डिसेंबरला जाहीर केला तो निर्वाणीच्या खलित्यासोबत: तुमची सैन्यव्यवस्थाच मोडून टाका. राजा सेत्शवायो हे मान्य करणं शक्यच नव्हतं. बरोबर एका महिन्याने फौज नदी ओलांडून गेली. लंडनला हे युद्ध तेव्हा नको होतं, पण केपटाऊनपर्यंत थेट तारायंत्र नव्हतं!

हा हाय कमिशनर कोण? सर बार्टल फ्रियर. साताऱ्याचं राज्य खालसा झालं तेव्हा तिथं असलेला, आधी रेसिडेंट म्हणून आणि नंतर कमिशनर म्हणून. पुढे १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर. साताऱ्याचं राज्य खालसा झालं तेही १८४९ मध्येच, रोर्कने जमीन घेतली त्याच साली.

आमच्या धंद्यात रात्रभर जागून पडलेला सर्व्हर उभा करणाऱ्याला टाळ्या मिळतात. तो पडला कुणाच्या निर्णयामुळे, हे विचारणारा कटकट्या ठरतो. आणि टाळ्या जितक्या जोरात, तितका तो प्रश्न ऐकू येत नाही. अकरा पदकांचं मला तसंच वाटतं. पोत्यांआड लढणाऱ्यांचं धैर्य खोटं नव्हतं. पण हातात भाले घेऊन पोत्यांवर पुन्हापुन्हा चालून जाणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या झुलूंचंही खोटं नव्हतं. त्यांनी राजाची आज्ञा मोडून नदी ओलांडली हे खरं. पण त्याआधी अकरा दिवस ती उलट बाजूने ओलांडली गेली होती. त्याच वर्षी झुलूंचं राज्य मोडून त्याचे तेरा तुकडे केले गेले.

आज तिथं संग्रहालय आहे. जवळच मिशनने १९६० च्या दशकात सुरू केलेल्या कलाकेंद्रातून अझारिया म्बाथासारखे नामवंत चित्रकार घडले. त्या जागेचं हे रूप मला लढाईइतकंच सांगण्यासारखं वाटतं. पण त्यावर सिनेमा कोण काढणार?

कुठल्याही शूर घराची गोष्ट वाचताना एक प्रश्न जरूर विचारावा: हे घर नदीच्या या काठावर आलंच कसं? उत्तराने शौर्य कमी होत नाही. फक्त हिशोब पुरा होतो.