लाल नळीत हिरवं कूलंट

कळमन्यात एका जुन्या सीआरटी प्रोजेक्टरमध्ये मेकॅनिक गाडीचं हिरवं कूलंट ओतायला निघाला होता. अहो, हा द्रव फक्त थंडाव्यासाठी नसतो! नळीची काच आणि लेन्स यांच्यामधून चित्राचा उजेड त्यातूनच जातो. थोडक्यात, तोही लेन्सच. हिरव्या द्रवात लाल नळीचा उजेड अडणारच. शिवाय द्रवाचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास हवा, नाहीतर उजेड काचेवरून मागे फिरतो आणि काळा रंग राखाडी दिसतो. म्हणून माझं मत: इथिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं रंगहीन, स्वच्छ गाळलेलं मिश्रणच भरा. बुडबुडेही काढा. आणि हो, काढलेला द्रव नालीत ओतू नका. ग्लायकॉल गोड लागतं, पण विषारी असतं. मार्केटबाहेर गाई-कुत्री फिरतच असतात.