पट्टा ताणायचा दांडा आणि 'अनधिकृत बदल'

'इंजिनमध्ये अनधिकृत बदल आढळला.' विम्याच्या सर्व्हेअरने अहवालात हे एक वाक्य लिहिलं आणि आमच्या एका परिचितांच्या शिडाच्या होडीच्या विम्याचं नूतनीकरण लटकलं. बदल काय होता? अल्टरनेटरचा पट्टा ताणून धरणारा एक वीतभर लांबीचा दांडा. बस्स.

ज्यांनी होडीचं इंजिन जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनच्या पुढच्या पुलीवरून एक रबरी पट्टा जातो, तो अल्टरनेटर फिरवतो आणि बॅटरी चार्ज होते. (आपल्याकडे त्याला सगळे फॅन बेल्टच म्हणतात. होडीच्या इंजिनला फॅनच नसला तरी!) पट्टा वापरून सैल पडतो, मग ताणावा लागतो. त्यासाठी बऱ्याच छोट्या इंजिनांना कंपनी एक कमानीसारखी पट्टी देते, तिला लांबट खाच असते. बोल्ट ढिला करा, पहारीने अल्टरनेटर बाहेर रेटा, तसाच रेटून धरा आणि दुसऱ्या हाताने बोल्ट आवळा.

गॅरेजमध्ये, चांगल्या उजेडात, दोन माणसं असली की हे सोपं आहे. शिडाच्या होडीत इंजिन जिन्याच्या पायऱ्यांखाली कोंबलेलं असतं. हात जेमतेम आत जातो. होडी डुलतेय, पहार टेकवायला जागा नाही, आणि टेकवलीच तर पाण्याच्या पाइपावर नाहीतर अल्टरनेटरच्या अॅल्युमिनियमच्या अंगावर, म्हणजे तो चिरायचा. मग माणूस काय करतो? 'पुढच्या फेरीला बघू' म्हणतो आणि झाकण लावतो.

सैल पट्टा काय करतो तेही ऐका. आधी चित्कारतो, मग पुलीभोवती काळी भुकटी उडते, मग बॅटरी हळूहळू बसते. रात्री होडीवरचे दिवे मंद, वायरलेस गप्प, आणि इंजिन एकदा बंद पडलं की स्टार्टर फिरत नाही. बऱ्याच इंजिनांत हाच पट्टा थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणजे वर इंजिन तापतं. 'शीड आहे ना, मग इंजिन कशाला?' हा प्रश्न मला हमखास येतो. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरपर्यंत फरक पडतो. वारा पडलेला, ओहोटीचा ओढ लागलेला आणि समोरून कंटेनरचं जहाज येतंय, अशा वेळी शिडाकडे बघत बसा म्हणावं.

तर आमच्या या परिचितांची कंपनीची पट्टी खाचेच्या टोकाशी तडकली. नवल नाही. पातळ पत्रा, त्यात खाच, आणि दोन सिलिंडरच्या डिझेलची धडधड. विक्रेत्याचं उत्तर आलं, पट्टी सुटी मिळत नाही, ब्रॅकेटचा अख्खा सेट मागवावा लागेल, दोन महिने धरून चाला. दोन महिने! मोसमच सात-आठ महिन्यांचा, त्यातले दोन एका पट्टीपायी होडी बांधून ठेवायची.

म्हणून ते गावातल्या लेथवाल्याकडे गेले. त्याने स्टेनलेसची जाड सळई घेतली आणि तिचे दोन तुकडे केले, एकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे. दोघांच्या मध्ये एक षटकोनी नळी, तिच्यातही तसेच आटे. एक टोक अल्टरनेटरच्या कानाला, दुसरं इंजिनवरच्या आधीपासूनच्याच बोल्टला. नळीला पाना लावून पाव फेरा फिरवला की दांडा लांबतो आणि अल्टरनेटर केसाकेसाने सरकतो. पहार नको, दुसरा माणूस नको. हवा तेवढा ताण आला की दोन्ही बाजूंचे चेकनट आवळायचे. इंजिनला नवं भोक नाही, वेल्डिंग नाही. उद्या कंपनीची पट्टी आली तर दोन बोल्ट काढून होतं तसं करता येतं.

ट्रॅक्टरवाल्यांच्या लक्षात आलंच असेल. ही तुमच्या टॉप लिंकचीच धाकटी बहीण. नांगराचा कल कमी-जास्त करायला तुम्ही जी फिरवता, तिच्यातही हेच सुलटे-उलटे आटे. ती कंपनीने दिली म्हणून अधिकृत. तीच युक्ती लेथवाल्याने होडीत बसवली की अनधिकृत?

आणि दुसरीकडून वाहवा करणारे! फोटो टाकल्याबरोबर 'क्या जुगाड है!' असं लिहिणारे. मला हा शब्द त्या अहवालाइतकाच खुपतो. जुगाड म्हणजे अल्टरनेटर आणि इंजिनच्या मध्ये लाकडाची पाचर ठोकणं. ती ओली होते, फुगते, सुकते, एक दिवस गळून पडते. तेही आपल्या बंदरांत चालतं आणि त्याला मी शिव्याच घालतो. इथे माणसाने कॅलिपरने माप घेतलं, पुल्या एका रेषेत आहेत का ते पट्टी लावून तपासलं, खाऱ्या पाण्याचा विचार करून धातू निवडला. याला इंजिनिअरिंग म्हणतात. करणाऱ्याच्या हाताला ग्रीस लागलंय आणि त्याचं दुकान पत्र्याच्या शेडमध्ये आहे, म्हणून शब्द बदलायचा नसतो.

सर्व्हेअरने तपासायला हवं होतं ते असं. पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबलं तर तो साधारण दहा मिलिमीटर दबतो का? जास्त दबला तर सैल. अजिबात दबत नसेल तर त्याहून वाईट, कारण मग अल्टरनेटरचं आणि पंपाचं बेअरिंग जातं, आणि या दांड्याने तसा जास्तीचा ताण देणं सोपं आहे हेही खरं. चेकनट आहेत का? इंजिन चालू असताना दांडा थरथरतो का? बॅटरीला चौदाच्या आसपास व्होल्ट मिळतात का? यातलं एकही त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं फक्त एवढंच की त्यावर कंपनीचा शिक्का नाही. तडकलेली पट्टी तशीच बसलेली असती तर कदाचित अहवाल स्वच्छ आला असता, कारण ती अस्सल!

आता मूळ दुखण्याकडे येतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांची माहिती ग्राहकाला द्यावी हा हेतू. चांगलाच आहे. त्यासाठी चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू, आणि वाहनं. होडीचं इंजिन यात कुठेच नाही. एवढा समुद्रकिनारा असलेल्या देशात! शेतात ट्रॅक्टर बंद पडला तर शेतकरी खाली उतरून घरी तरी जातो. दहा मैल आत इंजिन बंद पडलं तर उतरणार कुठे?

'शिडाची होडी म्हणजे श्रीमंतांचे चोचले' असं म्हणून हा विषय कुणी झटकू नये. करंजा, हर्णै, मिरकरवाडा, कुठल्याही बंदरात जा. मच्छीमारांच्या बोटींवर इंजिन मोठं, पण पट्टा तोच, खाचेची पट्टीही तीच, आणि सुटा भाग मागितला की उत्तरही पुष्कळदा तेच. फरक इतकाच की शिडाच्या होडीवाल्याचा रविवार बुडतो आणि मच्छीमाराचा हंगाम.

म्हणून मागणी साधी आहे. सागरी इंजिनांना त्या यादीत घ्या. कंपनीला पट्टी सुटी विकायची नसेल तर तिचं माप जाहीर करावं, बाकीचं आमचे लेथवाले बघतील. विमा कंपन्यांनी 'अनधिकृत' या एका शब्दावर अहवाल स्वीकारू नये, दोष काय ते मोजमापासह लिहून मागावं. आणि लेथवाल्यांनीही एक सवय लावून घ्यावी: केलेल्या कामाचं बिल द्या, त्यावर धातू कुठला, आटे कुठले, तारीख काय ते लिहा, आणि मागे हाताने का होईना, चित्र काढून द्या. सर्व्हेअरपुढे ठेवायला कागद लागतो. आमच्या परिचितांकडे तो नव्हता.

1 जूनला बंदी लागली की होड्या वर ओढल्या जातील. तेव्हा झाकण उघडून खाचेच्या टोकाला बॅटरी मारून बघा, केसाएवढी रेघ दिसते का. दिसली तर जुलै संपायची वाट बघू नका. शेवटच्या आठवड्यात लेथवाल्याकडे रांग असते.