कांद्याला उघड लिलाव, जमिनीला रुमालाखालचा सौदा

दिंडोरी तालुक्यातल्या वणीच्या उपबाजारात उन्हाळ कांद्याचा ट्रॅक्टर उभा राहिला की थोड्याच वेळात त्याचा भाव आवारभर कळतो. व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीपाशी येतो, कोणी दोन कांदे उचलून दाबून बघतो, बोली चढते, आणि शेवटचा आकडा चिठ्ठीवर लिहून शेतकऱ्याच्या हातात पडतो. संध्याकाळपर्यंत किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव जाहीर झालेले असतात. तोच शेतकरी किंवा त्याचा नोकरीला लागलेला मुलगा गावात दोन गुंठे जागा घ्यायला निघतो, तेव्हा मात्र भाव एकाच माणसाच्या तोंडून कळतो. तोही हॉटेलात चहा पिताना, इकडे-तिकडे बघत, हळू आवाजात. जनावरांच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटं धरून सौदे व्हायचे, तशातला हा प्रकार. आयुष्याची पुंजी ज्या सौद्यात जाते, त्याचाच भाव झाकलेला का असावा? तो उघडा करता येतो. कसा, ते मुद्द्यांनी मांडतो.

१. पहिला प्रश्न ‘हातात किती?’ हा विचारा.

दोन वर्षांपूर्वी पुतण्यासाठी पिंपळगाव रस्त्याला जागा बघत होतो. एजंटने गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि सांगितलं, ‘काका, मालक गुंठ्याला नऊच्या खाली यायला तयार नाहीत. मी लई ओढाताण केली.’ तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दोन शब्द बोलून त्याने फोन खिशात टाकला. ‘नाशिकची पार्टी निघालीय, चारपर्यंत पोचेल. तुमचं नक्की असेल तर एक्कावन्न हजार आत्ताच ठेवा.’ पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. आम्ही पैसे ठेवले नाहीत. तीन आठवड्यांनी एका लग्नाच्या पंगतीत त्या जागेचे मालक शेजारी येऊन बसले. बोलता बोलता म्हणाले, ‘मी तर सव्वासात हातात मागितलेत. वरचे त्याचे.’ नाशिकची पार्टी त्यांच्याकडे कधी आलीच नव्हती.

गुंठ्यामागे पावणेदोन लाख म्हणजे दोन गुंठ्यांचे साडेतीन लाख. शिवाय अठरा लाखांवर दोन टक्के दलाली आमच्याकडून वेगळी, म्हणजे आणखी छत्तीस हजार. मालकाला यातलं काही माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. सगळा व्यवहार माहीत असलेला माणूस मधे एकच होता.

दलालाने पैसे मिळवू नयेत असं माझं म्हणणं नाही. तो पायपीट करतो, उतारे काढतो, भाऊबंदांना एका जागी बसवतो. त्या कष्टाची मजुरी त्याला मिळालीच पाहिजे, पण ती सांगून घ्यावी. २०१६ मध्ये राज्य सरकारने शेतमालाची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून काढून खरेदीदारावर टाकली, तेव्हा आपण सगळे म्हणालो की हे व्हायलाच हवं होतं, कोण कोणाचे पैसे घेतो ते स्वच्छ झालं. जागेच्या व्यवहारातही तेवढंच हवं. जागा बघायला जाण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या: भाव मालकासमोर बसून होईल, आणि दलाली किती व कोणाकडून ते कागदावर येईल. याला नाही म्हणणाऱ्या माणसाबरोबर जागा बघायला जाऊच नका.

२. ‘पार्टी येतेय’ या वाक्यावर पैसे काढू नका.

पार्टी खरी असेलही. तरी सातबारा, फेरफार आणि मोजणी बघायला आठ दिवस लागतात. ते आठ दिवस जो देत नाही, त्याला कागद दाखवायचे नाहीत असं समजा. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे. इसार असला तरी तीच गोष्ट, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. म्हणजे बॉनेटवर मागितलेले ते रोख एक्कावन्न हजार मुळातच बेकायदा होते. इसार द्यायचा तो चेकने किंवा बँकेतून, मालकाच्या नावाने आणि लेखी इसारपावती घेऊन.

३. बातमीचा भाव वेगळा काढा.

आपल्याकडे जमिनीच्या भावात निम्मी बातमी असते. २०१८ मध्ये सप्तशृंगी गडावर ट्रॉली सुरू झाली, तेव्हा ‘आता बघा’ म्हणून भाव सांगितले गेले. मग सुरत–चेन्नई महामार्गाची मोजणी आली, आता २०२७ चा सिंहस्थ आहे. जाहिरातीत तर वणीचा प्लॉट ‘गडाच्या पायथ्याशी’ असतो. गडाचा पायथा नांदुरी आणि नांदुरी कळवण तालुक्यात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नाशिकला किंवा मुंबईला बसून फोटोवर प्लॉट घेणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

बातमी खोटीच असते असं नाही. पण महामार्ग तालुक्यातून जातो म्हणजे तुमच्या प्लॉटला त्याचा रस्ता मिळतो, असं होत नाही. द्रुतगती मार्गावर वाटेल तिथून चढता-उतरता येत नाही. म्हणून एजंटला विचारा, ही बातमी नसती तर भाव किती होता? आणि बातमी खरी असल्याचा कागद कुठला, अधिसूचना, गट नंबरांची यादी की मंजूर आराखडा? कागद नसेल तर त्या बातमीचे पैसे मोजायचे नाहीत.

४. खरा भाव सरकारच्या वहीत आहे, तो बघा.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा, आणि नेमका तोच आपण सोडून देतो. प्रत्येक खरेदीखताची ‘सूची क्रमांक दोन’ तयार होते. एका पानाचा कागद असतो: विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, गट नंबर, क्षेत्रफळ, तारीख. मोबदला म्हणजे खतात लिहिलेली किंमत आणि बाजारभाव म्हणजे वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून सरकारने काढलेलं मूल्य. हे दोन आकडे लागोपाठ छापलेले असतात.

हा कागद गुप्त नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यातच लिहिलं आहे की ही सूची अर्ज करणाऱ्या कोणालाही बघता येते. आज तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर वर्ष, तालुका, गाव आणि गट नंबर टाकून घरबसल्या शोधता येते. ज्या गटात जागा घ्यायची तो गट आणि त्याच्या चारी बाजूंचे गट, अशी मागच्या तीन वर्षांची सूची काढा. मोबदल्याला क्षेत्रफळाने भागा आणि आलेले आकडे वहीत एकाखाली एक लिहा. पुतण्याने एका रविवारी बसून हे केलं. पुढच्या वेळी एजंटने भाव सांगितला तेव्हा त्याने शांतपणे वही उघडली, आणि बोलणं नवावरून न होता वहीतल्या आकड्यावरून सुरू झालं.

मूल्यदर तक्ता दर वर्षी १ एप्रिलपासून लागू होतो, तोही सगळ्यांना बघायला खुला आहे. मुद्रांक शुल्क मात्र तक्त्यातलं मूल्य आणि खतातली किंमत यांत जे जास्त असेल त्यावर लागतं. तक्त्याचा दर म्हणजे बाजारातला भाव नव्हे. एजंट कधी तो दाखवतो आणि कधी लपवतो, तिकडे लक्ष ठेवा.

५. ‘खतात कमी दाखवू’ याला होकार देऊ नका.

आता कोणी म्हणेल, सूचीतले आकडे खोटे असतात, निम्मे पैसे तर वरून जातात. खरं आहे, आणि म्हणूनच हा मुद्दा वेगळा मांडतो. खतात पाच लिहायचे आणि चार रोख द्यायचे, यात घेणाऱ्याचं मुद्रांक शुल्क थोडं वाचतं. पण ते चार लाख दिले याचा पुरावा त्याच्याकडे राहत नाही. सौदा फिसकटला तर ते बुडाले. बँक कर्ज देते ते खतातल्या किमतीवर. पुढे जागा विकायची वेळ आली की खरेदीची किंमत पाचच धरली जाते आणि नफ्यावरचा कर फुगतो.

गावाचं नुकसान यापेक्षा मोठं आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला ठरवताना आधीच्या तीन वर्षांतली आसपासची नोंदणीकृत खरेदीखतं बघतात, त्यातली चढ्या दराची निम्मी घेऊन सरासरी काढतात, आणि ती व मूल्यदर तक्ता यांत जो दर जास्त तो धरतात. सुरत–चेन्नई महामार्गात जमिनी जाणाऱ्या दिंडोरी तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी मिळणारा दर कमी म्हणून हरकती घेतल्या, आंदोलनं केली. त्यांची तक्रार रास्त आहे. पण गावातल्या खतांत वर्षानुवर्षं कमी आकडे लिहिले गेले असतील, तर सरकारच्या हिशोबात गावाचा भाव तेवढाच राहतो. शेजाऱ्याने वाचवलेलं शुल्क दुसऱ्याच्या मोबदल्यातून वजा होतं.

६. गुंठा मोजून घ्या, कागद वाचून घ्या.

गुंठा म्हणजे तेहतीस बाय तेहतीस, १०८९ चौरस फूट. प्लॉट पाडताना आतला रस्ता त्याच गुंठ्यात धरतात. दीड गुंठ्याचे साडेतेरा लाख देऊन ताब्यात सव्वा गुंठा आला, तर भाव नऊ राहिला नाही, दहा लाख ऐंशी हजार झाला. म्हणून भाव ठरवायचा तो ताब्यातल्या क्षेत्राचा.

‘स्वस्त’ प्लॉट बहुतेक वेळा कागदाने अपुरा असतो. शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. तुकडेबंदी कायद्यानुसार २०२३ मध्ये प्रमाणभूत, म्हणजे विकता येणारं किमान, क्षेत्र जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे ठरलं. शेतातला एक गुंठा ‘पुढे नियमित होईल’ म्हणून विकणारा माणूस तुम्हाला सरकारच्या पुढच्या निर्णयाची आशा विकत असतो. आदिवासी खातेदाराची जमीन तर शासनाच्या व जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासीने घेताच येत नाही, आणि आपल्या भागात हा प्रश्न पावलोपावली येतो. अशी जमीन दुसऱ्याच्या नावावर ठेवून ‘वापरा, कोण विचारतंय’ असं सांगणारे आहेत. त्यात फसवणूक घेणाऱ्याची होते, पण अन्याय आधी त्या आदिवासी कुटुंबावर होतो. असा व्यवहार कितीही स्वस्तात मिळाला तरी करू नये.

७. रेरा सगळीकडे पुरत नाही.

२०१७ पासून राज्यात महारेरा हे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण आहे. नोंदणीकृत प्रकल्पातले प्लॉट किंवा फ्लॅट विकणाऱ्या एजंटला तिथे नोंदणी करावी लागते, २०२४ पासून परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्रही लागतं. विकासकाला करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ले-आउटमधला प्लॉट घेत असाल तर हे सगळं तपासा, प्रकल्पाचा आणि एजंटचा असे दोन्ही नोंदणी क्रमांक मागा. पण एका शेतकऱ्याची जागा दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवणारा दलाल रेरा कायद्यात बसत नाही, आणि वणीतले बरेचसे सौदे याच प्रकारचे. कांद्याच्या आडत्याला बाजार समितीचा परवाना लागतो. जमिनीच्या दलालाला फक्त मोबाइल लागतो.

८. भावाचा फलक ग्रामपंचायतीवर लावा.

माझी मागणी लहान आहे. दर तीन महिन्यांनी ग्रामपंचायतीने आपल्या शिवारातल्या नोंदणीकृत खरेदीखतांची माहिती घ्यावी आणि तिचा फलक लावावा. बिनशेती प्लॉट, बागायत, जिरायत असे तीन रकाने आणि प्रत्येकात गुंठ्याचा किमान, कमाल, सर्वसाधारण दर. नावं नकोत, कोणी किती पैसे दिले याची चर्चा नको. माहिती आधीच खुली आहे, ती फक्त भिंतीवर यायला हवी. सुरुवातीचे आकडे खोटे दिसतील. पण जो तो फलक बघून खत करू लागला की कमी आकडा लिहिणं अवघड होत जाईल.

या मागणीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. पुढच्या ग्रामसभेत तो वाचणार आहे. ज्यांनी गेल्या पाच वर्षांत गावात जागा घेतली किंवा विकली, त्यांनी त्या दिवशी आपली सूची क्रमांक दोन घेऊन यावं आणि अर्जावर सही करावी.