मदत मागण्याची योग्य वेळ

जबलपूर हे निवृत्तांचे शहर आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची आयुध निर्माणी, रेल्वे, उच्च न्यायालय अशा ठिकाणी सेवा करून अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. मुले नोकरीनिमित्त पुण्या-बंगळुरूस जातात आणि मागे राहिलेल्या आईवडिलांची शुश्रूषा बहुधा एकाच व्यक्तीच्या, बव्हंशी सुनेच्या वा लेकीच्या, वाट्याला येते. अशा घरात स्मृतिभ्रंशाने प्रवेश केला, की एका जिवाची शक्ती पुरी पडत नाही.

हा आजार विरळा राहिलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना तो असावा. म्हणजे शंभरांत सात. रुग्ण रात्र-रात्र जागतो, दार उघडून बाहेर पडतो, जेवण होऊनही उपाशी असल्याचे सांगतो. हे काम वर्षानुवर्षांचे असते. तरीही ‘आईला परक्याच्या हाती सोपविले’ असा बोल लागेल, या धास्तीने आपण बाहेरची मदत घेण्यास कचरतो आणि काळजी घेणारी व्यक्ती स्वतः अंथरुणाला खिळल्यावर मदतनिसाचा शोध सुरू करतो.

माझ्या मते तोवर फार उशीर झालेला असतो. मदत घेणे म्हणजे कर्तव्याकडे पाठ फिरविणे नव्हे. मात्र आईवडिलांना नवा चेहरा आपलासा करता येतो, तोवरच ती घरात यावी. आरंभी रोज दोन तास, घरचे माणूस जवळ असताना, मदतनिसाने नुसते सोबत बसावे. जबलपुरात मिळणारे मदतनीस बहुधा हिंदी भाषक असतात. या आजारात मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी मागे पडते. आयुष्यभर कार्यालयात हिंदी बोललेले वडील मराठीतच पाणी मागू लागतात. म्हणून ‘तहान’, ‘दुखतंय’, ‘नको’ असे दहा-वीस शब्द मदतनिसाला आधीच शिकवावेत. कामाचे तास, वेतन व साप्ताहिक सुटी लेखी ठरवावी. थकलेल्या माणसाकडून मायेची अपेक्षा करता येत नाही. एटीएम कार्ड व त्याचा गुप्त क्रमांक मात्र घरच्यांकडेच असावा.

हीच घाई पैशांच्या बाबतीतही हवी. मुखत्यारपत्र करून ठेवले की झाले, हा समज अपुरा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ अन्वये, ते देणाऱ्याचे मानसिक संतुलन ढळल्यास मुखत्याराचा अधिकार संपुष्टात येतो. मग पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. निदान झाले म्हणजे समज त्याच दिवशी नाहीशी होते, असे नाही. त्या मधल्या काळात नामनिर्देशन, मृत्युपत्र आणि खात्यांची व्यवस्था आईवडिलांच्या इच्छेने पूर्ण करावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या निर्देशांत ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच बँक सेवा देण्याची तरतूद आहे. हयातीचा दाखलाही घरबसल्या देता येतो. शाखेत येऊन विचारण्यात संकोच नसावा आणि आम्हा कर्मचाऱ्यांनीही अशा ग्राहकाला दोन मिनिटे अधिक द्यावीत.

निदानासाठी शहरातील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनीही उपलब्ध आहे. दूर राहणाऱ्या भावंडांनी केवळ दूरध्वनीवरून विचारपूस न करता मदतनिसाच्या वेतनाचा वाटा उचलावा आणि वर्षातून काही दिवस येऊन घर सांभाळावे. आईची सेवा करणारी व्यक्ती त्या दिवसांत निश्चिंत झोपू शकली, तर तीही आईचीच सेवा होय.