गोंगाटाचा हिशेब आधी द्या

मेंदूच्या विद्युत्‌लहरी टिपणाऱ्या यंत्राला ‘मन वाचणारे यंत्र’ म्हणण्याची रीत वर्तमानपत्रांनी आणि विक्रेत्यांनी रूढ केली आहे. तिला आमचा विरोध आहे, आणि तो भाषेचे अध्यापक म्हणून आहे. ‘वाचणे’ ह्या क्रियापदाला लिहिलेला मजकूर अभिप्रेत असतो. येथे मात्र मजकूर कोणता आणि शाईचे डाग कोणते, हे ठरण्याआधीच वाचन सुरू होते.

आम्ही राहतो त्या सिल्व्हर पार्कमध्ये अभियांत्रिकीच्या काही मुलांनी हौसेखातर असे यंत्र जुळवले आहे. पहिल्याच दिवशी पडद्यावर दाट, एकसारखी नक्षी उमटली आणि जमलेल्यांपैकी कोणीतरी तिला ‘एकाग्रता’ म्हणून मोकळे झाले. मुलांनी लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर घेतला (सुरक्षिततेसाठीही तेच योग्य) आणि एकाग्रता बहुतांशी मावळली. ती घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण होती.

ह्यात नवल नाही. डोक्याच्या त्वचेपर्यंत पोचणारा मेंदूचा संदेश साधारण 10 ते 100 मायक्रोव्होल्टचा. भिंतीतली वीज 230 व्होल्टची. पापणी लवली की त्याहून मोठा उंचवटा येतो, दात आवळले की रेषेचे रान माजते, घामाने ती हळूहळू वाहवत जाते. आणि आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे खोबरेल तेल! माखलेल्या केसांवर इलेक्ट्रोड नीट टेकत नाही. जागा स्पिरिटने पुसून जेल लावावे लागते. कानाच्या पाळीवरचा संदर्भ-इलेक्ट्रोड सैल असेल तर सगळेच बिघडते. काही आज्ञावल्यांत वीज गाळणारी गाळणी अमेरिकेच्या 60 हर्ट्झवर लावलेली असते. ती मीरा रोडला काय कामाची? शिवाय योग्य गाळणीही रेष फक्त देखणी करते. सुटलेला इलेक्ट्रोड ती जोडत नाही.

देखणी रेष किती फसवी, हे कॅनडातील मज्जाविकारतज्ज्ञ एड्रियन अप्टन ह्यांनी 1970 च्या दशकात दाखवले. त्यांनी रुग्णालयात चक्क जेलीच्या गोळ्याला इलेक्ट्रोड लावले आणि जिवंत मेंदूच्या म्हणाव्यात अशा रेषा मिळवल्या. त्या आसपासच्या उपकरणांच्या होत्या.

आता पुण्याकडे वळू. 2008 च्या जूनमध्ये तेथील सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनाबद्दल जन्मठेप दिली. पुराव्यांत ‘बीऑस’ ही मेंदूलहरींची चाचणी होती. आरोपीला आर्सेनिक विकत घेतल्याची वगैरे प्रथमपुरुषी वाक्ये ऐकवायची आणि लहरींवरून ठरवायचे, की हे तिला नुसते ठाऊक आहे की तिने ते अनुभवले आहे. कादंबरीचा कोणताही वाचक सांगेल, की ‘मी’ने सुरू होणारे वाक्य ऐकून आपण न केलेल्या गोष्टीही अनुभवतो. साहित्य चालते ते त्याच्यावरच! त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही चाचणी अशास्त्रीय ठरवली. पुढे उच्च न्यायालयाने त्या तरुणीला जामीन दिला.

कोणी म्हणेल, प्रयोगशाळेतील उपकरणे आणि हौशी पोरांचा खटाटोप ह्यांची तुलना कशी करता? उपकरण उंची असेल, पण पापणी आणि जबडा आरोपीलाही असतो, आणि भीतीने तो अधिकच आवळला जातो. अनुभवाच्या खुणेवर बोलण्याआधी ह्या साऱ्याचा हिशेब मागणे हा अडाणीपणा नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात संमतीविना अशा चाचण्या घेण्यास मनाई केली, हे उत्तमच झाले. पण संमतीने दिलेला गोंगाटही गोंगाटच असतो. आणि प्रश्न आता न्यायालयापुरता उरलेला नाही. चीनच्या झेजियांग प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांची एकाग्रता मोजण्यासाठी कपाळपट्टे वापरले गेले; 2019 मध्ये ओरड झाल्यावर तो प्रकार थांबला. तसला पट्टा घेऊन कोणी आपल्या शाळेत आला, तर मुख्याध्यापकांनी एक करावे. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला 8 ते 13 हर्ट्झची लहर उठते आणि उघडल्यावर ओसरते, हे हान्स बर्गर ह्यांच्या काळापासूनच ठाऊक आहे. विक्रेत्याने पट्टा स्वतःच्या डोक्याला लावून, गाळणी बंद ठेवून, आधी तेवढे दाखवावे. कपाळावरच्या पट्ट्याला ती लहर दिसतच नाही असे तो म्हणाला, तर मग नेमके काय दिसते, हे त्याने पालकांसमोर मराठीत सांगावे.